बादलीभर मका

काही वर्षांपूर्वी आम्ही उभयता नाताळासाठी मुलाकडे, अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात गेलो होतो. वसईच्या वाडीत जन्म गेलेला. असला हिवाळा आम्ही पाहिला नव्हता. पारा शून्याखाली 20 अंशांवर, शेते गुडघाभर बर्फाखाली. तिन्हीसांजेला घरामागच्या पाइनच्या आडोशातून पांढऱ्या शेपटीची तीन हरणे येत, बर्फ उकरीत आणि परत फिरत. आमचा जीव तुटे. एके रात्री मुलाला न सांगता आम्ही कोंबड्यांच्या मक्यातली बादलीभर मका तेथे ओतली. सकाळी दाणाही उरला नव्हता. आम्ही सुखावलो.

त्याच दिवशी शेजारचे वृद्ध शेतकरी घरी आले. तेथे धनुष्यबाणाची शिकार नाताळानंतरही चालते व ते जुने शिकारी. एवढ्या थंडीत हरीण जवळ येते तरी कसे, असे आम्ही विचारले.

"त्याला दोनच गोष्टी ओढतात," ते म्हणाले, "अन्न आणि वाऱ्यापासून आडोसा." म्हणून ते पाइनलगतच्या सोयाबीनच्या काही ओळी कापतच नाहीत. शरदापासून हरणे त्या थोड्याथोड्या खातात. वादळापूर्वी आणि वादळ ओसरल्यावर हमखास येतात.

"पण मका कधी ओतू नका. हिवाळ्यात हरीण डहाळ्यांवर जगते. त्याच्या पोटातील सूक्ष्म जिवांना नवे अन्न पचवू लागायला आठवडे लागतात. एकदम मका पडली, की पोटात आम्ल वाढते आणि हरीण भरल्या पोटी मरते." शिवाय हरणांचा मेंदू पोखरणारा एक असाध्य रोग त्या राज्यात 2002 साली आढळला. एका ढिगावर अनेक तोंडे जमली, की तो लाळेतून पसरतो. म्हणून रोगग्रस्त परगण्यांत हरणांना चारा घालण्यास बंदी आहे.

आम्ही एकमेकांकडे पाहिले. बोललो मात्र नाही. बाण मारणाऱ्याला जे ठाऊक होते, ते आम्हां दयावंतांना ठाऊक नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या रानातला एक मेपल पाडला, कोवळे शेंडे हरणांच्या तोंडाशी यावेत म्हणून. करवतीचा आवाज ऐकून हरणे येतात, असा तिकडच्या लाकूडतोड्यांचा अनुभव आहे. फांद्या पसरायला आम्हीही गेलो. सांजावताना हरणे आली. दोनच.

तेव्हा कोठे आम्ही बादलीची हकिगत सांगितली. ते काही बोलले नाहीत. वाकून त्यांनी आणखी एक फांदी बर्फातून मोकळी केली आणि तिचे दुसरे टोक आमच्या हाती दिले.