माझे काळे हात

गेल्या वर्षी फेब्रुवारीत ग्रंथालयात पुस्तकाची चिठ्ठी भरत होते. शेजारी मराठीच्या बाई उभ्या होत्या. माझ्या बोटांकडे पाहून त्यांनी विचारले, "शाई सांडली वाटतं?" मी "हो बाई" म्हटले आणि हात ओढणीखाली घेतला. ती शाई नव्हती. काजूचा चीक होता.

आमच्या वेंगुर्ले तालुक्यात त्या दिवसांत काजूची बी हिरवी, कोवळी असते. ती पाडायची, विळीवर उभी चिरायची आणि टोकदार काडीने आतला गर अखंड उचलायचा. सालीतल्या चिकात जे आम्ल असते ते कातडी जाळते. आम्ही हातांना खोबरेल तेल आणि चुलीतली राख चोळतो. तरी आठ-पंधरा दिवसांत बोटे काळी पडतात आणि मग सापाने कात टाकावी तशी त्यांची साल निघते. हे काम मी, आई आणि आजी पहाटे करतो. सातच्या एस.टी.ने मी कॉलेजला जाते, गर बाजाराला. गर शेकड्याने विकले जातात. माझी फी त्यातूनच भरली गेली. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेले नाही. ती फी किती शेकड्यांची हे आईला तोंडपाठ आहे. रुपयांत विचाराल तर ती गोंधळेल.

ओल्या काजूंच्या उसळीचे कौतुक मुंबईचे पाहुणे फार करतात. कांदा, भाजलेल्या खोबऱ्याचे वाटप, मालवणी मसाला आणि गरम पाण्यात टाकून सोललेले पांढरे गर. आमच्या ताटात मात्र ती फक्त तुटक्या गरांची येई, कारण तुटका गर शेकड्यात धरत नाहीत. लहानपणी मी आणि भाऊ काडी मुद्दाम जोरात लावून दोन-चार गर तोडत असू. आईला कळत असे. ती बोलत नसे. पाचवा तुटला की मात्र डोळे वटारी.

काजू मूळचा ब्राझीलचा, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी गोव्यात आणला, नावही तिकडचेच, असे भूगोलाच्या सरांनी सांगितले. मी घरी येऊन आजीला सांगितले. "आसात," ती म्हणाली, "पण वाटाप कोणी आणल्यान?" याला सरांकडे उत्तर असेल तर त्यांनी पुढच्या तासाला द्यावे. वडिलांनी 'वेंगुर्ला-7' ची कलमे लावली आहेत, त्यांची बी चांगली टपोरी. आजीचे मत असे, की उसळीला आपली रायवळच बरी.

यंदा स्नेहसंमेलनात खाद्यपदार्थांचा स्टॉल घ्यायचे ठरले. मैत्रिणी भेळ म्हणाल्या, सँडविच म्हणाल्या. माझ्या तोंडून कसे निसटले कोण जाणे, "ओल्या काजूंची उसळ." घरी सांगताना धीर होईना. आई गप्प राहिली. दुसऱ्या पहाटे तिने चारशे अखंड गर मोजून माझ्या टोपात ओतले.

"आये, तुटके चालतीत."

"कॉलेजात तुटके व्हरतलंस?"

उसळ तासाभरात संपत आली. बाई दुसऱ्यांदा आल्या. मी वाटी दोन्ही हातांनी पुढे केली. त्यांनी बोटांकडे पाहिले आणि हळूच विचारले, "शाई?"

"नाही बाई," मी म्हटले. मागे रांग होती.

संध्याकाळी पैसे मोजले. तेच गर बाजारात गेले असते तर जास्त आले असते. आईला तसे सांगितले. ती टोप कलता करून तळ पाहत होती. थोडा रस राहिला होता. तिने भाकरीचा तुकडा तळाशी फिरवला, तोंडात टाकला आणि म्हणाली, "मीठ कमी पडलां."