सू बर्डचे हिवाळे

अमेरिकेत बायकांचं व्यावसायिक बास्केटबॉल उन्हाळ्यात खेळलं जातं. थंडीचे महिने पुरुषांच्या एनबीएचे. १९९७ मध्ये डब्ल्यूएनबीए या महिलांच्या लीगचा पहिला सामना झाला तोच मुळी जूनमध्ये; पुरुषांच्या हंगामातून स्टेडियम आणि टीव्ही मोकळे होतात ते महिने बायकांच्या वाट्याला आले. मग उरलेलं वर्ष या मुली काय करतात? सिएटलला येईपर्यंत हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तो पडला इथल्या सिएटल स्टॉर्म या महिला संघाच्या सू बर्डमुळे. तिची जवळजवळ अख्खी कारकीर्द मी प्रेक्षकांत बसून पाहिली आणि माझं ठाम मत झालं आहे की उन्हाळ्यात आम्हाला जे दिसायचं ते तिच्या कामाचं निम्मंच होतं.

मी स्वतः पुण्यात कॉलेजच्या संघातून खेळायचे. पॉइंट गार्ड. उंची बेताची, म्हणून रिंगखाली काही उपयोग नाही, पण हाताला चेंडू चांगला बसलेला. सिमेंटचं कोर्ट, दुपारी चारला गेलं तर बुटातूनही तळपाय भाजायचे. विद्यापीठाच्या संघात निवड झाली तेव्हा घरी पेढे वाटले, आणि त्याच आठवड्यात आईने विचारलं, "आता किती दिवस चालणार हे?" तो प्रश्न रागाचा नव्हता. तिला खरंच उत्तर हवं होतं आणि माझ्याकडे ते नव्हतं. आमच्यातल्या दोघी खेळाडू कोट्यातून रेल्वेत लागल्या. भारतात बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलीला पोटापाण्याचा त्यातल्या त्यात भरवशाचा रस्ता तोच. राष्ट्रीय स्पर्धेत रेल्वेचा संघ इतका भारी का असतो, याचं कारणही तेच आहे. खेळातच राहायचं असेल तर चांगली मुलगी तिकडेच जाते. मला तो रस्ता मिळाला नाही. लग्न झालं आणि २००३ च्या डिसेंबरात मी रेडमंडला आले.

नवऱ्याचा एच-१बी, माझा एच-४. एच-४ वर राहता यायचं, शिकता यायचं. पगाराची नोकरी करता यायची नाही. बाहेर पाऊस, घरात मी. अशा दिवसांत नवऱ्याच्या ऑफिसातल्या कोणीतरी सिएटल स्टॉर्मच्या सामन्याची जादा तिकिटं दिली. २००४ चा जून असावा. ५२० चा पूल ओलांडून आम्ही की-अरेनाला गेलो. तिथल्या गर्दीनेच मी चकित झाले. आज्या, शाळेतल्या मुलींचे घोळके, लेकींना खांद्यावर बसवलेले बाप. बायकांचा खेळ बघायला पैसे मोजून इतकी माणसं येतात, हे मी त्याआधी पाहिलेलं नव्हतं.

आणि दहा नंबरची ती मुलगी. केस मागे घट्ट बांधलेले, उंची पाच फूट नऊ इंच, त्या कोर्टावर कमीच म्हणायची. तिचा ड्रिबल दिखाऊ नव्हता. ती सावकाश चेंडू वर आणायची, तिची सहकारी लॉरेन जॅक्सन तिच्या बाजूला येऊन स्क्रीन लावायची, म्हणजे तिला अडवणाऱ्या मुलीच्या वाटेत उभी राहायची, आणि पुढचे दोन सेकंद बघण्यासारखे असायचे. स्क्रीनच्या कडेला खांदा घासून बर्ड निघायची. जॅक्सनची गार्ड तिला अडवायला एक पाऊल पुढे आली, की चेंडू जॅक्सनकडे गेलेला असायचा. ती आली नाही, की बर्ड तिथेच थांबून उडी घ्यायची आणि जंप शॉट आत. समोरच्या गार्डला निर्णय घ्यायला लावायचा आणि ती जो घेईल तो चुकीचा ठरवायचा, हे पॉइंट गार्डचं काम. कॉलेजात आमच्या सरांनी मला हेच शिकवण्यासाठी जीव तोडला होता. ते इतकं स्वच्छ केलेलं मी पहिल्यांदा तिथे पाहिलं. नवरा स्कोअरबोर्ड बघत होता. मी जॅक्सनला अडवणाऱ्या मुलीचे पाय बघत होते.

त्या वर्षी स्टॉर्मने कनेक्टिकट सनला हरवून लीग जिंकली. प्रशिक्षक अ‍ॅन डोनोव्हन. डब्ल्यूएनबीए जिंकणारी ती पहिली महिला प्रशिक्षक. ऑगस्टमध्ये मधेच अथेन्सचं ऑलिम्पिक झालं, तिथलं सुवर्णही बर्डच्या खात्यात होतं. ऑक्टोबरात शहरभर जल्लोष. आणि त्यानंतर बर्ड गेली कुठे, तर मॉस्कोला.

मला वाटलं, हौसेने गेली असेल. ते तसं नव्हतं. रशियातले क्लब तिच्या दर्जाच्या खेळाडूला डब्ल्यूएनबीएच्या कितीतरी पट पैसे देत. अमेरिकेत पगारावर लीगने घातलेली कमाल मर्यादा होती. रशियात श्रीमंत मालक आणि सरकारी-निमसरकारी कंपन्या क्लब पोसत. डायना टोरासी या दुसऱ्या अमेरिकन खेळाडूचं उदाहरण तर प्रसिद्ध आहे. २०१५ मध्ये येकातेरिनबर्गच्या क्लबने तिला पैसे दिले ते चक्क अमेरिकेतला उन्हाळी हंगाम न खेळता विश्रांती घ्यावी म्हणून. रशियात तिला वर्षाला सुमारे १५ लाख डॉलर मिळत. इकडे लीगचा सर्वाधिक पगार एक लाख सात हजारांच्या आसपास. हे आकडे वाचले तेव्हा मला त्या लीगची कीव आली नाही. राग आला.

बर्ड आधी डायनॅमो मॉस्कोकडून खेळली, मग स्पार्टाककडून, शेवटी येकातेरिनबर्गकडून. युरोपातल्या क्लबांमध्ये अमेरिकन खेळाडूंच्या संख्येवर बंधन असतं. तिचे वडील ज्यू वंशाचे, त्या आधारावर तिने २००६ मध्ये इस्रायलचं नागरिकत्व घेतलं आणि ती अडचण सोडवली. पासपोर्टावर आयुष्य कसं अडतं आणि कसं सुटतं हे मला कोणी समजावायची गरज नव्हती. ती बातमी मी दोनदा वाचली.

स्पार्टाकचा मालक होता शब्ताई कलमानोविच. केजीबीसाठी हेरगिरी केल्याबद्दल इस्रायलमध्ये तुरुंगवास भोगलेला माणूस. तो या मुलींना आलिशान बंगल्यात ठेवायचा, हौसेने पैसे उधळायचा. त्याच्या संघाने २००७ ते २०१० सलग चार वेळा युरोलीग जिंकली, चारही वेळा बर्ड त्या संघात होती. नोव्हेंबर २००९ मध्ये मॉस्कोत त्याच्या गाडीवर गोळीबार झाला आणि तो मारला गेला. बर्ड, टोरासी आणि बाकीच्या जणी त्यानंतरही तो हंगाम खेळल्या आणि जिंकल्या. जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एकीला आपल्या कौशल्याचं रास्त मोल हवं असेल, तर असल्या जगात जाऊन राहावं लागत होतं. ऑलिम्पिकमध्ये छाती फुगवणाऱ्या देशाने याची लाज बाळगायला हवी होती, असं मला आजही वाटतं.

इकडे सिएटलमध्ये तर संघच जायची वेळ आली. २००६ मध्ये स्टारबक्सच्या हॉवर्ड शुल्ट्झ यांनी सुपरसॉनिक्स आणि स्टॉर्म हे दोन्ही संघ ओक्लाहोमाच्या मंडळींना विकले. पुढे सॉनिक्स ओक्लाहोमा सिटीला गेलेच. पुरुषांचा, एक्केचाळीस वर्षांचा, शहराचा लाडका संघ गेला आणि बायकांचा राहिला. कारण २००८ च्या सुरुवातीला इथल्याच चौघींनी स्टॉर्म एक कोटी डॉलरला विकत घेतला: अ‍ॅन लेव्हिन्सन, जिनी गिल्डर, लिसा ब्रमेल आणि डॉन ट्रूडो. गिल्डर ऑलिम्पिक रौप्यपदक मिळवलेली नौकानयनपटू, लेव्हिन्सन शहराची माजी उपमहापौर. ब्रमेल मायक्रोसॉफ्टमध्ये मनुष्यबळ विभागाची प्रमुख, ट्रूडोही पूर्वी तिथलीच. आमच्या मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात तिळगूळ देता देता बायका हे बोलत होत्या, कारण निम्म्या घरांतलं कोणी ना कोणी मायक्रोसॉफ्टमध्ये. मला नोकरीची परवानगी अजून आलेली नव्हती, तरी हंगामाचं एक तिकीट मी घरखर्चातून काढलं. नवरा काही बोलला नाही. उलट पुढच्या वर्षी त्याने स्वतःचंही काढलं.

२०१० मध्ये साखळीतला एकही सामना स्टॉर्म घरच्या कोर्टावर हरली नाही. अटलांटाविरुद्धच्या अंतिम मालिकेतल्या पहिल्या सामन्यात ७७-७७ बरोबरी असताना शेवटच्या काही सेकंदांत बर्डने जंप शॉट मारला. माझ्या मांडीवर तेव्हा तीन वर्षांची लेक झोपलेली होती. त्या आवाजाने दचकून उठली आणि रडायला लागली. मीही रडत होते.

मग गुडघे. कॉलेजच्या पहिल्याच वर्षी, कनेक्टिकट विद्यापीठात आठ सामने झाल्यावर तिच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला होता. पुढे दहा-अकरा वर्षं उन्हाळा सिएटलला, हिवाळा रशियात, मधे ऑलिम्पिक आणि जागतिक स्पर्धा. हाडांना विसावा असा नाहीच. २०१३ चा पूर्ण हंगाम ती शस्त्रक्रियेमुळे मुकली. येकातेरिनबर्गचा शेवटचा हंगाम २०१४ मध्ये संपवून तिने परदेशी खेळणं थांबवलं. सुझन किंग बोर्शार्ट या प्रशिक्षिकेबरोबर तिने झोप, खाणं, व्यायाम सगळं नव्याने बसवलं. तिशी उलटल्यावर खेळाडू मावळतीला लागतो असं मानतात. बर्डने चौतिसाव्या वर्षी शरीर पुन्हा घडवायला घेतलं आणि त्यानंतर आणखी दोनदा लीग जिंकली. हिवाळ्यात घरी राहून विश्रांती घेणं तिला परवडायला लागलं, ते आधीच्या हिवाळ्यांत मॉस्को-येकातेरिनबर्गला कमावल्यामुळे. इतरांना ते परवडतंच असं नाही. २०१९ च्या एप्रिलमध्ये स्टॉर्मची ब्रियाना स्टुअर्ट हंगेरीत युरोलीगचा अंतिम सामना खेळत असताना तिची टाचेवरची शीर, अकिलीस टेंडन, तुटली. आदल्या वर्षीची डब्ल्यूएनबीएची सर्वोत्तम खेळाडू, वय २४. त्याच वर्षी बर्डचीही पुन्हा गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. सिएटलचा उन्हाळा दोघींशिवाय गेला.

पण त्याआधीचं २०१८. फिनिक्सविरुद्धच्या उपांत्य मालिकेतल्या चौथ्या सामन्यात बर्डचं नाक मोडलं, तेही स्टुअर्टच्याच कोपराने. दोन दिवसांनी निर्णायक पाचवा सामना, की-अरेनामध्ये. बर्ड तोंडावर मुखवटा लावून उतरली. वय ३७. चौथ्या क्वार्टरमध्ये तिने १४ गुण केले. एरवी आयुष्यभर दुसरीला पास देणारी बाई त्या दहा मिनिटांत एकामागून एक थ्री पॉइंटर मारत सुटली, कारण त्या वेळी समोरच्या बचावात मोकळी राहणारी तीच होती. पॉइंट गार्डने शॉट कधी घ्यायचा, याचा इतका उत्तम धडा मी दुसरा पाहिलेला नाही. शनिवारी मी आमच्या भागातल्या मुलींना बास्केटबॉल शिकवते. त्या दहा मिनिटांचं चित्रण प्रत्येक नव्या तुकडीला दाखवते आणि सांगते, चेंडूकडे बघू नका, बचाव करणाऱ्या मुलींच्या पायांकडे बघा.

२०२२ तिचं शेवटचं वर्ष. त्याच फेब्रुवारीत डब्ल्यूएनबीएची खेळाडू ब्रिटनी ग्रायनर हिला मॉस्कोच्या विमानतळावर अटक झाली. ती हिवाळी हंगामासाठी येकातेरिनबर्गलाच निघाली होती, बर्ड जिथे तीन वर्षं खेळली त्याच क्लबकडे. ऑगस्टमध्ये तिला नऊ वर्षांची शिक्षा झाली. डिसेंबरात कैद्यांच्या अदलाबदलीत ती सुटली. त्या उन्हाळ्यात सगळ्या कोर्टांवर ग्रायनरची अद्याक्षरं रंगवलेली होती. आमच्या आजूबाजूचे काही लोक म्हणायचे, ती तिकडे गेलीच कशाला? वर्षानुवर्षं स्टॉर्मला टाळ्या वाजवणारी माणसं हे विचारायची, तेव्हा मी शांतपणे पगाराचे आकडे सांगायचे.

ऑगस्टच्या ७ तारखेला बर्डचा साखळीतला घरचा शेवटचा सामना होता. की-अरेनाच्याच जागी, तेच छप्पर राखून उभारलेल्या नव्या क्लायमेट प्लेज अरेनात १८,१०० माणसं आली. पण मला जास्त आठवतो तो उपांत्य मालिकेतला, लास व्हेगासविरुद्धचा तिसरा सामना. लेक आता पंधरा वर्षांची, माझ्याशेजारी उभी. एका गुणाने पिछाडी, हातात काही सेकंद. कोपऱ्यातून बर्डने थ्री पॉइंटर मारला आणि ९२-९०. वय ४१. शिल्लक १.८ सेकंद. तेवढ्यात जॅकी यंगने लेअप मारून बरोबरी केली आणि जादा वेळेत आम्ही हरलो. दोन दिवसांनी मालिका गेली आणि कारकीर्द संपली. सामना संपल्यावर लोक "थँक यू, सू" म्हणत जागेवरच उभे राहिले, बराच वेळ. व्हेगासच्या मुलीही थांबल्या होत्या.

निवृत्त झाली तेव्हा लीगमध्ये सर्वाधिक असिस्ट तिच्या नावावर होते, ३,२३४. सर्वाधिक सामनेही तिचेच, ५८०. चार लीग विजेतेपदं, पाच ऑलिम्पिक सुवर्णं, युरोलीगच्या पाच विजयांत वाटा. तीन हजारांहून अधिक वेळा तिने दिलेल्या पासवर दुसरीने गुण केले, हा आकडा मला पदकांहून मोठा वाटतो. २०२५ मध्ये अरेनाबाहेर तिचा पुतळा बसवला. पुतळा बघायला आम्ही सगळे गेलो, भारतातून आलेली आईसुद्धा. आईने खाली उभं राहून विचारलं, ही किती वर्षं खेळली? मी सांगितलं. "मग हिला नोकरी करावी लागली नाही?" हीच तिची नोकरी होती, मी म्हटलं, वर्षाचे बारा महिने. आईने मान हलवली आणि लेकीला पुतळ्यापाशी उभं करून फोटो काढायला लावला.

आता काही गोष्टी बदलल्या आहेत. २०२४ पासून डब्ल्यूएनबीएचे संघ खास विमानाने प्रवास करतात. त्याआधी साडेसहा फुटांच्या मुली साध्या विमानात गुडघे दुमडून बसायच्या. आणि २०२५ च्या जानेवारीत मायामीजवळ अनरायव्हल्ड नावाची तिघी-तिघींच्या सामन्यांची हिवाळी लीग सुरू झाली. खेळाडूंना पगाराबरोबर लीगच्या मालकीत वाटा. काढली कोणी, तर नफीसा कॉलियर आणि ब्रियाना स्टुअर्ट यांनी. तीच स्टुअर्ट, जिची टाच हंगेरीत गेली. थंडीत आम्ही ते सामने घरी टीव्हीवर बघतो. संघ मोजके, जागा मोजक्या. बाकीच्या कितीतरी जणी अजूनही सप्टेंबर-ऑक्टोबरात बॅगा भरतात आणि तुर्कस्तानला, चीनला जातात. लेकीला कॉलेजात खेळायचं आहे. या वेळी तिने मला विचारलं की तिकडे राहायला घर क्लब देतो का, आणि आम्ही दोघी बसून करारांत काय काय लिहिलेलं असतं ते वाचत बसलो.