तीर्थनचे शांत खोरे

कुलू-मनालीच्या सहलीला निघालेली आपल्याकडची मंडळी मंडी ओलांडली की औटच्या बोगद्यातून थेट पुढे जातात. बोगद्यात न शिरता लारजीच्या बाजूला वळले, तर रस्ता बंजारला आणि तेथून गुशैणीला पोहोचतो. हेच तीर्थन नदीचे खोरे. येथे मोठा बाजार नाही आणि करमणुकीची साधनेही नाहीत. नदी, देवदाराचे जंगल, सफरचंदाच्या बागा आणि शेतकऱ्यांची घरे एवढेच आहे. पण वर्षाच्या बहुतेक महिन्यांत जावे, असे हे ठिकाण आहे.

खोऱ्याच्या वरच्या अंगाला ७५४ चौरस किलोमीटरचे ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यान पसरले आहे. १९९९ मध्ये त्याची रीतसर घोषणा झाली आणि २०१४ मध्ये ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. आत मोटारीचा रस्ता नाही. परवाना काढून, गावातला वाटाड्या घेऊन पायीच जावे लागते. येथे आढळणारा जुजुराणा हा हिमाचलचा राज्यपक्षी. विधात्याने प्रत्येक पक्ष्याचे एकेक पीस घेऊन तो घडविला, असे लोक सांगतात.

मार्च-एप्रिलमध्ये सफरचंद, जर्दाळू फुलतात. मे-जूनमध्ये ३,१२० मीटर उंचीच्या जलोडी खिंडीतून सेरोलसर तळ्यापर्यंत पाच किलोमीटर चालत जाता येते. वाट दाट ओक वृक्षांतून जाते. तळ्याकाठी बूढी नागीण देवीचे मंदिर असून तिला तूप वाहण्याची प्रथा आहे. जुलै-ऑगस्ट मात्र टाळावेत. २०२३ च्या जुलैत पुराने कुलू जिल्ह्यातील रस्त्यांची दैना झाली होती. सप्टेंबर अखेरीपासून आकाश स्वच्छ होते. चालणाऱ्याला हा काळ सर्वांत चांगला.

हिवाळ्यात खिंड बर्फाने बंद होते, पण खालची गावे चालू असतात. आपल्याला बर्फाची मौज वाटते; तेथील बागाईतदाराला त्यात पुढच्या हंगामाची हमी दिसते. सफरचंदाच्या डेलिशस जातींना हिवाळ्यात सात अंशांखालील थंडीचे सुमारे हजार तास लागतात. ते मिळाले नाहीत तर मोहोर एकसारखा येत नाही आणि फळधारणा घटते. जुनी घरेही थंडी ओळखून बांधलेली असतात. लाकूड आणि दगड यांचे एकाआड एक थर, खाली गुरे, वर माणसे. गुरांची ऊब वर येते. या काठकुणी पद्धतीचा उंच बुरूज बंजारजवळ चैहणी गावी आहे. १९०५ च्या कांगडा भूकंपातही तो उभा राहिला.

ही शांतता मात्र फुकट मिळालेली नाही. तीर्थनवर लहान जलविद्युत प्रकल्प व्हायचे होते. खोऱ्यातील लोक न्यायालयापर्यंत गेले आणि २००६ मध्ये ते प्रकल्प रद्द झाले. शेजारच्या सैंज खोऱ्यात मोठे विद्युत प्रकल्प उभे राहिले. तीर्थन मोकळी वाहते आणि तिच्यात ट्राउट मासा टिकून आहे. परवाना घेऊन गळ टाकता येतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या विणीच्या काळात बंदी असते. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. उद्यान झाले तेव्हा चराई आणि जडीबुटी गोळा करण्याचे गावकऱ्यांचे जुने हक्क संपले. ज्यांचा संसार त्यावर चालत होता, त्यांना नवा रोजगार शोधावा लागला. वाटाड्याचे काम, ओझी वाहणे आणि घरात पाहुणे ठेवणे यांतून पुष्कळांनी तो उभा केला आहे.

म्हणून जाणाऱ्याने शेतकऱ्याच्या घरीच उतरावे. आंबवलेल्या कणकेचा, वाफवलेला सिड्डू तुपाबरोबर खावा, अक्रोड-राजमा त्यांच्याकडूनच विकत घ्यावा. बायकामाणसांनी एकमेकींची चूल आणि गोठा पाहावा. भाषेची अडचण येत नाही. जवळच्या जिभीकडे अलीकडे गर्दी फार वाढली आहे. तीर्थनला तसे होऊ द्यायचे नसेल, तर प्लॅस्टिक परत आणावे आणि नदीकाठी मोठ्याने गाणी लावू नयेत. सोबत लोकरीचे कपडे, पकड असलेले बूट आणि रोख पैसे ठेवावेत. निदान तीन रात्री तरी मुक्काम करावा. एका दिवसाच्या धावपळीत हे खोरे दिसत नाही.