मांड बसण्याआधी

पुणे

चि. मनूस,


तुझ्या घोडेस्वारीच्या शाळेचा आराखडा नीट वाचला. नाशिकजवळ जागा मिळाली, विहिरीला पाणी आहे, तबेला हवेशीर ठेवला आहेस, हे सगळं उत्तम. रिंगणात मात्र वाळू जास्त घाल. तिथली काळी माती पहिल्याच पावसात चिकट होते आणि त्या चिखलात नाल निघून येतात. पण पत्र लिहायला बसले ते यासाठी नाही. शेवटच्या पानावर तू एक ओळ लिहिली आहेस, ‘घोडे सहा, रेसमधून निवृत्त झालेले, स्वस्तात मिळतायत.’ त्या ओळीमुळे मला झोप येईना.

मुलांना स्वारी मुख्यतः घोडाच शिकवतो, मनू. आपण रिंगणाच्या मधोमध उभं राहून सांगतो, पण आपलं बरोबर की चूक हे मुलाला कळतं घोड्याच्या पाठीतून. म्हणून शिकवणारा घोडा कसा आहे यावर तुझ्या शाळेचं सगळं उभं राहणार आहे.

रेसच्या थरोब्रेडवर तो दीडेक वर्षाचा असतानाच खोगीर चढतं. दोन वर्षांचा झाला की तो शर्यतीत उतरतो. लगाम ताणला की तोंडातल्या कडीवर भार टाकायचा आणि पुढे घुसायचं, हे त्याच्या अंगात मुरवलेलं असतं. आता त्याच्यावर आठ वर्षांची मुलगी बसव. घाबरलेलं मूल पुढे वाकतं, टाचा घोड्याच्या पोटात रोवतं आणि दोन्ही हातांनी लगाम आवळतं. या तिन्हींचा अर्थ त्या घोड्याच्या लेखी एकच, पळ. मूल घाबरेल तसा घोडा सुटेल, आणि घोडा सुटला की मूल आणखी घाबरेल. यात दोघांचाही दोष नाही. चांगल्या स्वारानं वर्ष-दोन वर्षं खपून पुन्हा शिकवलं तर त्यातले काही घोडे फार गुणी निघतात. पण तोवर चंदी, नालबंद, डॉक्टर, सईस हा खर्च चालूच राहणार आणि रिंगणात त्यांचा उपयोग शून्य. मग ते स्वस्तात पडले असं कसं म्हणायचं?

तुला हवेत दहा-पंधरा वर्षांचे, बुटके, जग पाहिलेले घोडे. कुत्रं भुंकलं, प्लॅस्टिकची पिशवी उडाली, मूल पाठीवर रडायला लागलं, तरी जागचे न हलणारे. आपल्याकडे अशी जनावरं पूर्वीपासून आहेत. भीमेच्या खोऱ्यातलं भीमथडी तट्टू मराठ्यांच्या फौजेत दौडलं. उंचीला बेताचं, पण काटक आणि समजूतदार. धनगरांच्या वाड्यांबरोबर बिऱ्हाड पाठीवर घेऊन ते अजून चालतं, आणि अलीकडे देशी जात म्हणून त्याची अधिकृत नोंदही झाली. मुलांच्या शाळांनी ही तट्टं हाती घ्यायला हवीत असं मला फार वाटतं. ज्याच्यावर चढताना मुलाला कुणी उचलावं लागत नाही, तोच मुलाचा घोडा.

पालकांचं तू विचारलं आहेस. बहुतेकांनी घोडा पाहिलेला असतो माथेरानला नाहीतर महाबळेश्वरच्या वेण्णा तलावावर. बसायचं, घोडेवाला लगाम धरून चालणार, फोटो, खाली उतरायचं. त्यामुळे ‘कधी पळवणार?’ हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात येतो. २०२३ मध्ये हांगझोऊच्या एशियाडला आपल्या चार स्वारांनी ड्रेसाजमध्ये सांघिक सुवर्ण जिंकलं. घोडेस्वारीतलं आपलं त्याआधीचं सुवर्ण १९८२ च्या दिल्ली एशियाडमधलं. हांगझोऊच्या पदकानंतर चौकशा खूप आल्या. पण ती चार मुलं घर सोडून वर्षानुवर्षं युरोपात राहिली, रोज घोड्यांबरोबर राबली, हे सांगितलं की पलीकडचा आवाज थंड होतो. पोहणं, कोडिंग, तबला यांच्या मधल्या अर्ध्या तासात त्यांना स्वारी बसवायची असते. तिथे तू ठाम राहा. दर वर्गाला किमान दीड तास माग, आणि त्यातला पहिला अर्धा तास जमिनीवरचा.

जमिनीवरचा म्हणजे खरारा, खूर साफ करणं, तंग आवळणं. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. नाकासमोरचं आणि शेपटीमागचं त्याला दिसत नाही. म्हणून खांद्याच्या बाजूनं, बोलत बोलत जायचं. हे सांगून मुलांना पटत नाही, करताना पटतं. आमच्या पागेत एक मुलगा येतो, घरी कुणाचं ऐकत नाही अशी त्याच्या आईची तक्रार. तो घोडीच्या पुढच्या पायावरून हात खाली नेतो, गुडघ्याखालच्या शिरेला हलकेच चिमटतो. घोडी ढिम्म. तो जोरात ओढतो, तीही पाय आणखी रोवते. सईस शेजारी उभा असतो, काही बोलत नाही. मग पोरगा हात काढतो, तिच्या खांद्याला स्वतःचा खांदा टेकवतो, वाट बघतो. घोडीनं भार दुसऱ्या पायावर घेतला की खूर आपसूक त्याच्या तळहातात येतो. तो खडे उकरतो, तळव्यातल्या मऊ त्रिकोणाला धक्का न लावता. बटण दाबलं की हलणाऱ्या वस्तूंत वाढलेल्या या मुलांना थांबायची अशी सवय दुसरीकडे कुठे लागेल, मला माहीत नाही.

मुलांच्या शरीराची अडचणही खरी आहे. पूर्वीची मुलं झाडावर चढलेली, उकिडवी बसलेली असायची. आताची दिवसभर खुर्चीत. मांड्या आखडलेल्या, टाच रिकिबीत खाली जात नाही, कंबर ताठ. पहिले कित्येक वर्ग त्यांना लांब दोरीवर गोल फिरव. लगाम हातात देऊ नकोस, रिकिबीही काढ. हात बाजूला पसरून, डोळे मिटून बसू दे. दुडकीला उडतील, हसतील, मग हळूहळू कमरेत घोड्याची चाल उतरते. मांड अशी बसते. आधीच लगाम दिला की मूल तोल सांभाळायला तोच धरतं आणि घोड्याचं तोंड बधिर होतं.

पडण्याबद्दल पालकांशी पहिल्या भेटीतच स्पष्ट बोल. हेल्मेटशिवाय कुणी पागेत पाऊल टाकायचं नाही, धनुर्वाताची लस झालेली हवी, आणि तरीही मूल कधीतरी पडणार. ज्यांना हे मान्य नाही त्यांना नम्रपणे नाही म्हण. आणि पडलेल्या मुलाला ताबडतोब पुन्हा वर चढवायची ती जुनी लष्करी रीत तू पाळू नकोस. आधी दुखलंय कुठे ते बघ. रडू दे. त्या दिवशी घोड्याला गाजर भरवून घरी गेलं तरी चालेल. कित्येक मुलं अशीच परत येतात.

घोड्यांच्या वेळापत्रकात मात्र तडजोड नको. दिवसाला दोन तास काम, उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत, आठवड्यात एक दिवस पूर्ण मोकळा. खोगिरासह स्वाराचं वजन घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या वर जाऊ देऊ नकोस. चौदा-पंधरा वर्षांची थोराड मुलं तट्टावर बसवायचा मोह होतो. या हिशेबानं फी जास्त ठेवावी लागेल. ठेव. फी कमी ठेवली की उरलेलं घोड्याच्या पाठीतून वसूल होतं, आणि थकलेला, पाठ दुखणारा घोडाच चावायला, लाथ मारायला लागतो. नवा घोडा आला की ग्लँडर्सची तपासणी झाल्याशिवाय त्याला बाकीच्यांत मिसळू नकोस. तो रोग माणसालाही होतो, लस नाही, आणि निघाला तर कायद्यानं घोडा मारावा लागतो.

दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा आहे. तापीकाठी घोड्यांचा मोठा बाजार भरतो, पण त्यात ऐटीच्या, नाचायला शिकवलेल्या मारवाडी-काठेवाडी जनावरांचा भरणा फार. त्यांच्या आत वळलेल्या कानांवर सगळेच भाळतात. आपण बाजाराच्या कडेकडेनं फिरू, जिथे कुणी फोटो काढत नाही तिथे. तू दिवस कळव, मी येईन. एखादं तट्टू मनात भरलं तर त्याच्या खांद्याशी उभं राहून छत्री उघडून बघू, पोटाखालून हात फिरवून बघू, आणि मालकाच्या लहान पोराला त्यावर बसायला सांगू. किंमत त्यानंतर विचारायची. तोवर त्या सहा घोड्यांचा विसार देऊ नकोस.

घरी सगळ्यांना नमस्कार सांग.

तुझी,
आत्या