शेवटच्या दिवशी जाऊ नकोस

चि. मनू,


काल तुझा फोन ठेवला आणि तेव्हापासून मनाला स्वस्थता नाही. सूरजकुंडच्या हस्तकलांच्या मेळ्याला जायचं, खोलीसाठी हाताने शिवलेली गोधडी घ्यायची, हे तुझ्या तोंडून ऐकून फार बरं वाटलं होतं. पण पुढे तू म्हणालीस, "मावशी, शेवटच्या दिवशी जाईन. माल परत न्यायला नको म्हणून अर्ध्या किमतीत देऊन टाकतात." ते माझ्या घशाखाली उतरेना. तुझी मैत्रीण शेजारी होती म्हणून गप्प बसले. आता लिहिते.

पैसे जपून खर्चायचेत, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पहिली नोकरी, नोएडाची भाडी, शिवाय घरी पाठवतेस ते वेगळंच. आम्ही करोलबागेत दोन वर्षं कशी काढली ते आईला विचार. तर वाचव, पण वाचवायचं कुठे ते कळायला हवं. शनिवार-रविवार टाळ. तेव्हा तिकीट चढं असतं आणि गर्दीत एका दुकानापाशी धड उभं राहता येत नाही. टॅक्सी करू नकोस. बॉटनिकल गार्डनला मॅजेंटा लाइन धर, कालकाजी मंदिरला व्हायोलेटमध्ये बदल, बदरपूर बॉर्डरला उतर आणि पुढे रिक्षा कर. 2011 मध्ये मेट्रो बदरपूरपर्यंत आली, त्याआधी आम्ही बसला लोंबकळत जायचो. धपाटे आणि पाणी बरोबर ने, आत खाण्यातच निम्मे पैसे जातात. पहिली फेरी पाकीट न काढता मार. आणि मेळा 1987 पासून भरतोय, तुझ्यासारख्या घासाघीस करणाऱ्या पुष्कळ मुली तिथे विकायला बसणाऱ्या बायकांनी पाहिल्यात, तेव्हा फार हुशारी दाखवू नकोस.

आता मुख्य मुद्दा. एक मोठी गोधडी, दाट धावदोऱ्याची, समजा एका बाईने महिनाभर घरकाम सांभाळून शिवली. ती तीन हजार सांगते. दिवसाला शंभर रुपये झाले, त्यातून कापड आणि दोरा वजा कर. दलाल आणि गाडीभाडं मी धरलेलंच नाही. तू त्याचे दीड हजार करणार? मेळ्याच्या शेवटच्या संध्याकाळी तिने किंमत पाडली तर ती खुशीने नाही पाडत गं. परतीचा प्रवास आहे, गठ्ठे उचलायचे आहेत, घरी पैसे न्यायचे आहेत. अडलेल्या माणसाचा भाव हा भाव नव्हे. परवडत नसेल तर लहान घे. बाळाचं दुपटं घे, उशीचा अभ्रा घे, पण सांगितलेल्या किमतीला घे.

घेताना मात्र डोळे उघडे ठेव. आधी उलटी करून बघ. हाताचा टाका दोन्ही बाजूंना तुटक दिसतो, टाका, मग मोकळी जागा, मग टाका, आणि प्रत्येक टाका थोडा वेगळा. मशीनची शिवण अखंड रेघ असते. बोट फिरव, हाताच्या कामात कापडाला बारीक लाटा येतात, त्या बोटाला लागतात. रुमालाचं टोक ओलं करून लाल आणि निळ्या तुकड्यावर घास, रंग सुटतो का बघ. नुसती ठिगळांची छपाई करून वर मशीन मारलेल्या चादरीही असतात, त्यांचा मोह धरू नकोस.

बिहारच्या सुजनीवाल्या, म्हणजे तिकडची गोधडी शिवणाऱ्या बायका, भेटल्या तर थांब. मुझफ्फरपूरकडच्या भुसरा गावात 1988 च्या सुमारास एका संस्थेने हे काम पुन्हा उभं केलं, आणि त्या बायकांनी सुजनीवर हुंडा, दारू, मुलींची शाळा असं सगळं सुईने काढलं. बंगालच्या कांथाही बघ. जुन्या साड्यांचे थर आणि त्यांच्याच काठांतून ओढलेला दोरा, अशी पूर्वी रीत होती. उत्तर कन्नडातल्या सिद्दी बायकांच्या कवंद्या, म्हणजे त्यांच्या गोधड्या, कुठे दिसल्या तर मला लगेच फोटो पाठव. त्या आपल्यासारख्याच कडेकडून शिवत आत येतात, आणि चारी कोपऱ्यांना त्रिकोणी घड्यांची फुलं लावतात. ती नसली तर कवंदी उघडी म्हणतात. किती मायेचं बोलणं आहे बघ!

आणि हे सगळं लिहिताना मला राहवत नाही म्हणून सांगते. आपल्या घरच्या माईंची लुगडी बोहारणीला घालून दोन स्टीलचे डबे घेतले ना मागच्या दिवाळीत? आईने सांगितलं तेव्हा मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. इरकली होती त्यात, आणि ती मऊ झालेली नऊवारी, जिच्यावर तू लहानपणी झोपलीस. त्याच कापडाची गोधडी होते, मनू. नव्या कापडाला ती ऊब येत नाही, धुऊन धुऊन विरलेलं सूतच अंगाला लागतं. आपल्याकडे वाड्यावर अजून शिवून देणाऱ्या बायका आहेत, पण त्यांच्या सुना आता शिवत नाहीत आणि मी त्यांना दोष कसा देऊ? दिवसभर ओणवं बसून पाठ जाते, डोळे जातात, आणि हातात काय पडतं? आपणच भाव पाडत राहिलो तर दहा वर्षांनी शिवायला सांगायचं कुणाला, याची मला खरोखर धास्ती वाटते. मला सांग, तू कुणाला सांगशील?

बरं, तू एकटी जाणार आहेस की ती मैत्रीण येणार आहे? फेब्रुवारीत तिथे संध्याकाळी गारठा पडतो, शाल ने. तुझा खोकला अजून गेलेला नाही, फोनवर मला ऐकू आला. कार्यक्रम बघत रात्र करू नकोस, अंधार पडायच्या आत बदरपूरला ये. मोठी गोधडी घेतलीस तर गाठोडं जड होतं, दोघी असाल तरच घे. थोडी रोख ठेव, गर्दीत फोनची रेंज जाते आणि मग पैसे देता येत नाहीत. जायचा वार ठरला की कळव, आणि आईच्या ट्रंकेत अजून तीन-चार लुगडी उरली असतील ती मला न विचारता कुणी काढायची नाहीत, एवढं तिला आजच सांग. मी सांगितलं तर ती चिडते.

तुझी
मावशी