माळढोक आणि जमिनीखालची तार

जैसलमेरच्या माळरानावर उडणाऱ्या माळढोकाला समोरची तार वेळेत दिसत नाही. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे थेट पुढचे त्याला फार कमी दिसते. नराचे वजन पंधरा किलोपर्यंत जाते. ऐनवेळी वळणे त्या देहाला जमत नाही. देशात हे पक्षी सुमारे दीडशेच उरले आहेत आणि मादी एका वेळी बहुधा एकच अंडे घालते. सोलापूरजवळच्या नान्नजचे ओस पडत गेलेले माळ ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या आकड्याचा अर्थ सांगावा लागत नाही.

१९ एप्रिल २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माळढोकाच्या क्षेत्रातील वीजवाहिन्या शक्य तेथे जमिनीखाली नेण्याचा आदेश दिला. २१ मार्च २०२४ रोजी त्यातील सरसकट बंधने मागे घेऊन न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमली. ‘पक्षी हवा की सौरऊर्जा?’ असा वाद त्यानंतर रंगला. या वादात केबल स्वतः काय सांगते, हेही ऐकण्याजोगे आहे.

उघड्या तारेला हवा विद्युतरोधनही पुरवते आणि थंडही ठेवते. केबलमध्ये वाहकाभोवती काही सेंटिमीटर जाडीचे क्रॉसलिंक्ड पॉलिएथिलीन असते आणि त्याबाहेर भूसंपर्कित धातूचे कवच. ही रचना म्हणजे मैलोन्‌मैल लांबीचा कपॅसिटरच. एसी प्रवाहात तो सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट भारित होतो आणि त्यासाठी लागणारा प्रवाह केबलच्याच क्षमतेतून जातो.

गणित सोपे आहे. कपॅसिटन्स किलोमीटरला सुमारे ०.२ मायक्रोफॅरड धरले, तर ४०० किलोव्होल्टच्या केबलला दर किलोमीटरमागे साधारण १४.५ अँपिअर प्रवाह नुसता भारित होण्यासाठी लागतो. सत्तर किलोमीटरनंतर हा आकडा हजार अँपिअरवर जातो. मग ग्राहकाच्या विजेला केबलमध्ये जागा फारशी उरत नाही. वाटेत रिअ‍ॅक्टर बसवून ही अडचण कमी करता येते, पण खर्च वाढतो. त्यात कोरडी वाळू उष्णता सहज वाहून नेत नाही आणि वाहकाचे तापमान तर सतत ९० अंश सेल्सिअसच्या आत राहावे लागते.

हेच गणित ३३ किलोव्होल्टसाठी केले, तर किलोमीटरला जेमतेम १.२ अँपिअर येतात. वीस किलोमीटरला चोवीस! शेकडो अँपिअर वाहणाऱ्या केबलला हे ओझे नव्हे. डीसी वाहिनीत तर कपॅसिटर एकदाच भारित होतो. तमिळनाडूतील पुगलूर ते केरळमधील त्रिशूर या ±३२० किलोव्होल्टच्या डीसी वाहिनीचा काही भाग जमिनीखालूनच जातो.

म्हणून ‘तारा पुरणे अशक्य आहे’ हे वाक्य अर्धवट आहे आणि ‘सगळ्या तारा पुरा’ हेही. दोन्हींना व्होल्टेज आणि लांबी यांची जोड हवी. विद्यार्थ्यांनी वरचे आकडे स्वतः मांडून पाहावेत. बारावीचे भौतिकशास्त्र त्याला पुरते. कोठे पुरणे अवघड आहे, हे ते गणित प्रामाणिकपणे सांगते. जेथे अवघड नाही, तेथील उशिराची जबाबदारी मात्र भौतिकशास्त्रावर टाकता येत नाही.