फट ठेवलीच नाही तर?

मंडळी, परवा भाचा आला होता. पंचवीस वर्षं तेलविहिरी खोदण्यात घालवलेला माणूस. चहा पुढे ठेवला आणि मी लगेच विचारलं, "काय रे, खोल विहिरीतला तुमचा तो पोलादी पाइप तापला की वाढायला जागा कुठे असते?"

"नसतेच, मामा. बाहेरून सिमेंटनं पक्का धरलेला असतो."

मग त्यानं आइसलंडमधल्या क्राफ्लाची गोष्ट सांगितली. 2009 साली तिथे जमिनीतल्या उष्णतेसाठी विहीर खोदताना 2,100 मीटरवर चक्क शिलारस लागला! पुढे तिच्यातून 450 अंश सेल्सिअसची वाफ वर येत होती. मी कागद-पेन घेऊन बसलो (बी.ए. असलो तरी त्रैराशिक येतं हो!). 1 मीटर पोलाद 1 अंशाला साधारण 0.012 मिलिमीटर वाढतं. म्हणजे 2,000 मीटरचा पाइप 300 अंशांनी तापला तर 7 मीटर! ही वाढ जाणार कुठे? ती पाइपातच दाब होऊन कोंडते. सोसेनासं झालं की पोलाद जागच्या जागी कायमचं चेपतं. विहीर गार झाली की तेच पोलाद आखडू पाहतं, सिमेंट सोडत नाही, आणि सांध्यांचे आटे ओढून निघतात. सिमेंटात पाणी अडकून राहिलं असेल तर ते तापून आतला पाइपच आत दाबतं. 2012 साली क्राफ्लाच्या झडपा बिघडल्या, थंड पाणी ओतून विहीर विझवावी लागली आणि पाइपाचं नुकसान झालं ते झालंच.

आता म्हाताऱ्याला या चौकशा कशाला? सांगतो.

1980च्या सुमारास विज्ञानाच्या बाई रजेवर गेल्या आणि सातवीचा तास माझ्या गळ्यात पडला. कडी-गोळ्याचा प्रयोग दाखवला, रुळांमधल्या फटी सांगितल्या. मागच्या बाकावरून एक मुलगा उठला. "सर, फट ठेवलीच नाही आणि दोन्हीकडून घट्ट धरलं तर?"

मला उत्तर येत नव्हतं. म्हणालो, "आगाऊपणा नको. खाली बस." वर्ग हसला. त्यानं वर्षभरात पुन्हा हात वर केला नाही.

भाचा म्हणाला, हल्ली लांब रूळसुद्धा जोडूनच टाकतात, फटी नसतात. म्हणजे पोरगं तिथेही बरोबरच होतं!

त्याचा चेहरा आठवतो, नाव काही केल्या आठवत नाही. त्या तुकडीतलं कुणी हे वाचत असेल तर त्याला निरोप द्या. सरांना उत्तर मिळालंय, फोन कर म्हणावं.